पान १७

(बगदाद, फिरदौस चौक. ९ एप्रिल २००३. पुतळ्याच्या गळ्यात साखळी अडकवली जाते.)

हे दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे. त्या वर्षी जे जन्मलेही नव्हते, त्यांनीसुद्धा ते कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. सद्दाम हुसेनचा पुतळा, गळ्यात साखळी आणि साखळीचं दुसरं टोक अमेरिकी मरीन सैनिकांच्या एम-८८ या अवजड गाडीला. बंद पडलेले रणगाडे ओढून नेणं, हे या गाडीचं एरवीचं काम.

तिच्याआधी एक दणकट गडी चौथऱ्यावर घणाचे घाव घालत होता. हा वजनं उचलणारा पैलवान. चौथऱ्याचे टवके उडाले, पुतळा जागचा हलला नाही. मग गाडी आली. कॉर्पोरल एडवर्ड चिन वर चढला आणि त्यानं पुतळ्याच्या तोंडावर अमेरिकेचा झेंडा टाकला. थोड्याच वेळात तो झेंडा काढून इराकचा लावला गेला. मग साखळी ताणली गेली आणि पुतळा हळूहळू वाकला. पाय मात्र चौथऱ्यावरच राहिले.

(इथे निवेदन नको. लोखंडाचा आवाज, माणसांचा आवाज.)

त्या दिवशी सकाळी ११ ते रात्री ८ या वेळात फॉक्स न्यूजनं हे दृश्य सरासरी दर ४.४ मिनिटांनी दाखवलं. सीएनएननं दर ७.५ मिनिटांनी. एक अख्खा देश दिवसभर हेच पाहत होता: युद्ध संपलं, लोक नाचताहेत.

(तोच चौक. कॅमेरा उंचावर.)

आता तोच दिवस आणि तोच चौक वरून पाहा. पलीकडच्या पॅलेस्टाइन हॉटेलात परदेशी बातमीदार उतरलेले होते. एवढ्या उंचीवरून चौकाचा बराच भाग मोकळा दिसतो. कडेला रणगाडे आहेत. मध्ये काही शेकड्यांचा घोळका आहे आणि त्यातही बातमीदार, छायाचित्रकार खूप आहेत. चौकातल्या माणसांचा आनंद खोटा नव्हता. पण पडद्यावर घोळक्याची गर्दी झाली आणि गर्दीचा देश झाला, तो फक्त कॅमेरा जवळ नेल्यामुळे.

आदल्या दिवशी याच पॅलेस्टाइन हॉटेलवर अमेरिकी रणगाड्यानं तोफगोळा डागला होता. रॉयटर्सचे तारास प्रोत्स्युक आणि स्पेनच्या टेलेसिंको वाहिनीचे होसे कोउसो हे दोघे कॅमेरामन त्यात गेले. त्याच सकाळी अल जझिराच्या बगदाद कार्यालयावर अमेरिकी हवाई हल्ला झाला आणि तारीक अयूब मारले गेले. पुतळ्याचं दृश्य दर काही मिनिटांनी फिरत राहिलं, त्याखाली ही तीन नावं दबली.

तिथपर्यंत गोष्ट कशी पोचली, ते पाहायचं तर सात महिने मागे जावं लागतं. वर्तमानपत्राच्या पानांवर. या फिल्मसाठी आम्ही जी पानं चित्रित केली, त्या प्रत्येकाचा क्रमांक मुद्दाम चौकटीत घेतला आहे. तो नजरेआड करू नका.

(न्यूयॉर्क टाइम्स, ८ सप्टेंबर २००२. पान १.)

रविवारचा अंक. पहिल्या पानावर ज्युडिथ मिलर आणि मायकेल गॉर्डन यांची बातमी: सद्दाम अणुबॉम्बच्या सुट्या भागांसाठी धडपडतोय. आधार काय, तर ॲल्युमिनियमच्या नळ्या. इराकनं अशा हजारो नळ्या मागवण्याचा प्रयत्न केला आणि त्या बॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रासाठी आहेत, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. अधिकारी कोण? नाव नाही. पुरावा म्हणजे 'धूर निघणारी बंदूक' शोधत बसलात, तर पहिली खूण अणुस्फोटाच्या ढगाचीच असेल, असं एक वाक्यही त्याच बातमीत होतं.

(त्याच सकाळचे टीव्ही स्टुडिओ.)

उपाध्यक्ष डिक चेनी 'मीट द प्रेस'मध्ये येऊन बसले. नळ्यांचा विषय निघाला आणि त्यांनी हवाला दिला आजच्या न्यूयॉर्क टाइम्सचा. त्याच दिवशी सीएनएनवर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राइस यांच्या तोंडी बंदुकीचं आणि ढगाचं तेच वाक्य होतं. सरकारातल्या निनावी माणसांनी बातमी दिली, वर्तमानपत्रानं ती पहिल्या पानावर घेतली आणि नाश्त्याच्या वेळेला सरकार सांगू लागलं: बघा, हे वर्तमानपत्रसुद्धा असंच म्हणतंय. आपलंच नाणं बाजारात खपवून, दुसऱ्याच्या हातून परत घेऊन, ते खरं असल्याचा दाखला द्यायचा, असा हा व्यवहार. घरी बसलेल्या माणसाला मात्र वाटलं की दोन वेगळ्या तोंडांनी एकच गोष्ट सांगितली.

त्या नळीजवळ जरा थांबू. व्यास ८१ मिलिमीटर, लांबी जेमतेम तीन फूट. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातल्या, आयुष्य या यंत्रांवर घालवलेल्या तज्ज्ञांनी मापं पाहिली आणि ते म्हणाले, हे जुळत नाही. त्या कामासाठी नळी अरुंद आहे, तिची भिंत जाड आहे. आणि इराकच्या सैन्याकडे ८१ मिलिमीटरचीच रॉकेटं आधीपासून होती, नळीही त्याच धातूची. हे मत परदेशातल्या कुणा विरोधकाचं नव्हतं. वॉशिंग्टनमधल्याच सरकारी कार्यालयांत, कागदावर नोंदवलेलं होतं.

टाइम्सला हा वाद पाच दिवसांनी कळला. छापलाही. पान १३ वर, बातमीच्या पोटात खोलवर, आणि वरच्या मथळ्यात त्याचा मागमूस नाही.

(पान १३. बोट ओळीवरून सरकतं.)

महिनाभरात अमेरिकी संसदेनं युद्धाचा अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सेनेटमध्ये ७७ विरुद्ध २३.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर 'त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं' ही सबब खरी वाटू लागते. नाइट रिडर नावाचा वृत्तपत्रसमूह होता. त्याच्या वॉशिंग्टन कार्यालयात जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे बातमीदार, आणि जॉन वॉलकॉट हे त्यांचे संपादक. मंत्र्यांच्या आणि सल्लागारांच्या मागे धावण्यापेक्षा ते खात्यांमधल्या मधल्या फळीतल्या माणसांशी बोलत राहिले. कागद ज्यांच्या टेबलावरून जातात, ती माणसं. त्यांनी सांगितलं, पुरावा कच्चा आहे. नाइट रिडरनं ते लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. समूहाकडे ३० च्या आसपास दैनिकं होती, पण वॉशिंग्टनमध्ये एकही नाही आणि न्यूयॉर्क शहरातही नाही. त्यामुळे राजधानीत सकाळी चहाबरोबर जे वाचलं जातं, त्यात या बातम्या नव्हत्याच. समूहातल्याही सगळ्या दैनिकांनी त्या घेतल्या नाहीत. या तिघांबद्दल आम्हाला वाटणारा आदर आम्ही लपवत नाही.

(संयुक्त राष्ट्रं, न्यूयॉर्क. निळा पडदा.)

सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर भिंतीवर पिकासोच्या 'गेर्निका' या चित्राची विणलेली प्रतिकृती असते. बॉम्बखाली सापडलेलं गाव, किंचाळणारा घोडा, मेलेलं मूल छातीशी धरलेली आई. २००३ च्या सुरुवातीला तिच्यावर निळा पडदा ओढला गेला. कॅमेऱ्यासाठी ही पार्श्वभूमी बरी, असं कारण सांगितलं गेलं.

(दालन. ५ फेब्रुवारी २००३. कॉलिन पॉवेल यांच्या चिमटीत लहानशी कुपी.)

परराष्ट्रमंत्री पॉवेल सव्वा तास बोलले. कुपी होती अँथ्रॅक्स या जैविक अस्त्राचा धोका दाखवण्यासाठी. उपग्रहांची छायाचित्रं, चोरून ऐकलेली संभाषणं आणि पुन्हा त्याच नळ्या. चाकांवर फिरणाऱ्या जैविक प्रयोगशाळांची चित्रंही होती. चित्रंच, कारण छायाचित्र कुणाकडेच नव्हतं. मुख्यतः एका पळून आलेल्या इराकी माणसाच्या सांगण्यावरून ती काढली होती. 'कर्व्हबॉल' हे त्याचं टोपणनाव. चौकशी जर्मन गुप्तचरांनी केली होती. या माणसानं २०११ मध्ये गार्डियनला स्वतः सांगितलं की ती कहाणी आपण रचली होती. पॉवेल यांनी पुढे हे भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग मानलं. ते बोलत होते त्या दिवशी मात्र कुपी दिसली आणि कुपीनं काम केलं. दुसऱ्या दिवशीच्या वॉशिंग्टन पोस्टच्या अग्रलेखाचं शीर्षक एकाच शब्दाचं होतं. मराठीत म्हणायचं तर: 'निर्विवाद'.

त्या भाषणाच्या आगेमागे दोन आठवडे अमेरिकेच्या चार मोठ्या वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्यांत इराकवर कोण कोण बोललं, हे 'फेअर' या माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं मोजलं. एकूण ३९३ जण बोलले. त्यांतले ७६ टक्के आजी-माजी अधिकारी. युद्धविरोधी संघटनांचे ३.

(१५ फेब्रुवारी २००३. लंडन, रोम, न्यूयॉर्क. रस्ते.)

आणि ही त्याच दिवसांतली माणसं. जगभरातल्या शेकडो शहरांत, एकाच दिवशी. रोममध्ये आणि लंडनमध्ये कॅमेरा कुठेही ठेवा, गर्दीचं टोक सापडत नाही.

(निवेदन नको. घोषणा पूर्ण ऐकू द्या.)

दहा दिवसांनी एमएसएनबीसी वाहिनीनं फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. प्रेक्षकसंख्येत तो त्या वाहिनीवर सगळ्यांत पुढे होता. वाहिनीचं एक अंतर्गत टिपण नंतर बाहेर आलं. युद्धाच्या काळात हा चेहरा अडचणीचा ठरेल, अशी त्यात चिंता होती.

(वॉशिंग्टन पोस्ट, १६ मार्च २००३.)

आता हे पान. वॉल्टर पिंकस, वय सत्तर. गुप्तचर खात्यांवर अनेक वर्षं लिहिणारा मुरलेला बातमीदार. त्यानं बातमी आणली की सद्दामकडे बंदी घातलेली शस्त्रं नेमकी किती आणि कुठे आहेत, याचा ठोस तपशील अमेरिकी गुप्तचरांकडे नाही. संपादकांकडून तिला अडथळा आला. पोस्टचेच नामवंत बातमीदार बॉब वुडवर्ड यांनी शब्द टाकला, तेव्हा ती लागली.

कॅमेरा आता पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे जातोय. १७.

ज्या बातमीनं युद्धाचा पायाच हलायला हवा होता, ती युद्धाच्या तोंडावर छापून आली. खोटी ठरली नाही, कुणी दडपली नाही, कुणी बंदी घातली नाही. पण सतराव्या पानापर्यंत किती हात पोचतात? ऑगस्ट २००२ ते युद्धाच्या सुरुवातीपर्यंत पोस्टनं सरकारच्या इराकविरोधी भूमिकेवर भर देणाऱ्या १४० हून अधिक बातम्या पहिल्या पानावर घेतल्या होत्या. हा आकडा पोस्टच्याच बातमीदारानं पुढे ऑगस्ट २००४ मध्ये मांडला, आणि तो लेख पोस्टनं पहिल्या पानावर छापला, हेही नोंदवायला हवं. सरकार काय करतंय हे शोधण्यातच आम्ही इतके गुंतलो की युद्धाला विरोध करणाऱ्यांना तेवढी जागा दिली नाही, अशा अर्थाची कबुली संपादक लेनर्ड डाउनी यांनी त्यात दिली.

चारच दिवसांनी, २० मार्चला पहाटे, बगदादवर बॉम्ब पडले. सैन्याच्या तुकड्यांबरोबर शेकडो बातमीदार 'एम्बेड' होऊन निघाले. त्याच गाडीत बसणं, तेच खाणं, त्याच खड्ड्यात झोपणं. धाडसाबद्दल त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. पण कॅमेरा बंदुकीच्या मागे बसवला की समोरून बंदूक कशी दिसते, ते कळत नाही.

(विमानवाहू युद्धनौका यूएसएस अब्राहम लिंकन. १ मे २००३. फलक: 'मिशन अकम्प्लिश्ड', म्हणजे मोहीम फत्ते.)

वाहिन्यांवर युद्ध संपलं ते इथे.

लोकांच्या मनात काय उरलं, ते मेरिलँड विद्यापीठाशी जोडलेल्या 'पिपा' या संस्थेच्या पाहण्यांत दिसतं. त्या वर्षी घेतलेल्या या पाहण्यांत तीन गोष्टी विचारल्या. इराक आणि अल कायदाच्या संगनमताचा पुरावा मिळालाय का? महासंहारक शस्त्रं सापडलीत का? जगाचं मत युद्धाच्या बाजूनं आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' होतं. पण ६० टक्के लोकांचा तिन्हींपैकी एक तरी गैरसमज होता. मुख्यतः फॉक्स पाहणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के. एनपीआर हा सार्वजनिक रेडिओ आणि पीबीएस ही सार्वजनिक वाहिनी ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांत २३. माणसं आपल्या मताची वाहिनी निवडतात, म्हणून हा फरक दिसतो, असं कुणी म्हणेल. अभ्यासकांनी पक्ष आणि शिक्षण वेगळं काढून पाहिलं, तरी फरक राहिलाच. जे गैरसमजात होते, त्यांचा युद्धाला पाठिंबाही कितीतरी जास्त होता.

ऑगस्ट २००३ मध्ये पोस्टच्या चाचणीत ६९ टक्के अमेरिकनांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा स्वतःचा हात असणं शक्य वाटत होतं. सप्टेंबरच्या १७ तारखेला राष्ट्राध्यक्ष बुश म्हणाले की त्याचा पुरावा आमच्याकडे नाही.

शस्त्रं सापडली नाहीत. पुढच्या वर्षांत इराकमध्ये पावणेदोन लाखांहून अधिक नागरिकांच्या मृत्यूंची नोंद झाली, लाखो घरं सुटली, आणि अमेरिकेचे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक गेले. त्यांच्या शवपेट्या अमेरिकेतल्या डोव्हर हवाई तळावर उतरताना कॅमेऱ्याला बंदी होती. १९९१ पासूनची ही बंदी २००९ मध्ये उठली. म्हणून त्यांतली बहुतेक दृश्यं इथे नाहीत.

(फिरदौस चौक. चौथऱ्यावर उरलेले पाय. बराच वेळ.)

घण घालणारा तो पैलवान पुढे बातमीदारांना भेटला तेव्हा म्हणाला, त्या दिवसाचा आपल्याला पस्तावा होतो.

(न्यूयॉर्क टाइम्स, २६ मे २००४. दोन हात पानं उलटतात.)

शेवटी हे एक पान. युद्ध सुरू होऊन चौदा महिने झाले आहेत. टाइम्सच्या संपादकांनी वाचकांना उद्देशून टिपण लिहिलं आहे. आमच्या काही बातम्यांत जेवढी कसोशी हवी होती तेवढी नव्हती, असं त्यात मान्य केलं आहे. नळ्यांच्या बातमीचा उल्लेख आहे. जानेवारी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं नळ्यांचा दावा खोडला, ती बातमी आम्ही पान १० वर घेतली, ती पान १ वर हवी होती, असंही ते म्हणतात.

हात अजून पानं उलटताहेत. पाच. सहा. सात. आठ. नऊ.

हे टिपण आहे पान १० वर.