डावं मनगट, उजवं मनगट

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या रविवारी सकाळी मी दोन मनगटांवर दोन सेंट मारले आणि आईपुढे हात धरले. डावीकडे क्रीड कंपनीचा ॲव्हेंटस. मित्राने आपल्या बाटलीतून जेमतेम २ मिली काढून दिला होता, तेवढं देतानाही त्याचा जीव वरखाली होत होता. उजवीकडे आर्माफचा क्लब द नुई इंटेन्स मॅन, माझ्याच पैशांचा. पहिल्याच्या एका बाटलीच्या पैशांत दुसऱ्याच्या आठ-दहा सहज येतात.

आईने डावं मनगट हुंगलं. "अननस कापलाय का रे कुठे?" मग उजवं हुंगलं आणि नाक मागे घेतलं. "अगंबाई, लिंबाचं सरबत सांडलंय!"

ॲव्हेंटस २०१० साली आला. रसाळ अननस आणि त्यामागे बर्चच्या लाकडाचा धुरकटपणा, ही त्याची खूण. अमिरातीतल्या आर्माफने पुढे त्याच वळणाचा वास आणला. आता हा डुप्लिकेट माल नव्हे, बरं का. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं लेबल चिकटवलेली खोटी बाटली. इथे नाव वेगळं, बाटली वेगळी, जुळतो तो फक्त वास. आणि वासावर मालकी कुणाची, यावर न्यायाधीशांचंही जमलेलं नाही. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सुगंधाला कॉपीराइट नाही. तीनच दिवसांनी नेदरलँड्सचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असू शकतो!

नक्कल करणाऱ्याचं मुख्य हत्यार म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. त्यात थेंबभर सेंट सोडला की घटक सुटे होतात आणि त्यांची यादी हाती येते. पण गोड्या मसाल्याची यादी तर प्रत्येक सुनेकडे असते. बर्गमॉटसारख्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीच्या तेलात ढीगभर रेणू असतात, कित्येक अगदी किंचित. स्वस्तात भागवायचं तर ठळक तेवढेच घ्यायचे, आणि मग सुरुवात नाकाला टोचते. तळाला उरणारे कस्तुरी-अंबरचे वास मात्र हल्ली बहुतेक प्रयोगशाळेतच तयार होतात. ते महागड्यालाही मिळतात, स्वस्तालाही.

त्यात गंमत अशी की हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. म्हणजे खरा फरक आहे तो पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच उडून जातो. दुकानात कागदाची पट्टी हुंगून आपण भुलतो तेही याच मिनिटांत. लोकलमध्ये शेजारच्याच्या नाकात जातो तो त्यानंतरचा वास. म्हणून मी आता स्वस्तातला सेंट घरून निघायच्या अर्धा तास आधीच मारून ठेवतो. लिंबू घरातच विरतं.

संध्याकाळी पाचला पुन्हा आईपुढे हात धरले. तिने दोन्ही मनगटं हुंगली, परत हुंगली.

"यातला महागाचा कुठला?"

"तूच सांग."

"मला तर सारखेच वाटतात. हा उजवा जरा जास्त टिकलाय. जा, आता हात धू आणि मला लसूण सोलून दे."