तिकीट दुप्पट झालं, मग बस का कमी झाल्या?

(दृश्य : कुर्ला स्थानक, पश्चिम. सकाळची वेळ, बसथांब्यावरची रांग.)

९ मे २०२५. या दिवसापासून मुंबई महापालिकेच्या 'बेस्ट' या बससेवेत साध्या बसचं किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा रुपये झालं, एसी बसचं सहावरून बारा. त्याच दिवशी भुयारी मेट्रोच्या वांद्रे-कुर्ला संकुल ते वरळी या टप्प्याचं उद्घाटन झालं. या मेट्रो ३ चा एकूण खर्च सदतीस हजार कोटींच्या पुढे गेला आहे.

मी बसने कामाला जाते. मेट्रोला माझा विरोध नाही, या शहराला ती हवीच होती. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. नवं काही बांधायचं म्हटलं की पैसा उभा राहतो. जे रोज चालवायचं आहे, त्याच्यासाठी मात्र तो प्रवाशाच्या खिशातून का काढला जातो?

(दृश्य : वाहक तिकीट देतोय. सुट्या नाण्यांचा क्लोज-अप.)

दोन बस बदलून कामावर जाणाऱ्या बाईचा हिशेब करा. जाता-येता चार तिकिटं. सुटी तिकिटं काढली, तर पूर्वी दिवसाला वीस रुपये लागायचे, आता किमान चाळीस. महिन्याचे कामाचे पंचवीस दिवस धरले, तर पाचशेचे हजार झाले. पगार तेवढाच राहिला.

(दृश्य : जुन्या लाल बसची छायाचित्रं.)

मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. १९४७ मध्ये हा उपक्रम महापालिकेकडे आला. 'बेस्ट' शहर भागात वीजही पुरवते आणि बसही चालवते. बसमध्ये तूट आली, तर ती विजेच्या उत्पन्नातून भरून निघायची. २००३ चा वीज कायदा आला, विजेचा हिशेब वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगाच्या नजरेखाली गेला. काही काळ वीजबिलातून बसच्या तुटीसाठी वेगळी आकारणी होत होती, पुढे तीही थांबली. आधार गेला, पण त्याच्या जागी नवी कायमची सोय कुणी केली नाही. आजच्या सगळ्या ओढाताणीचं मूळ मला इथे दिसतं.

(दृश्य : बंद आगार. २०१९ च्या संपाची दृश्यं.)

जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचे कामगार नऊ दिवस संपावर होते. त्याच वर्षी महापालिकेने मदत दिली आणि सोबत अटी घातल्या. जुलैमध्ये किमान तिकीट आठ रुपयांवरून पाचावर आलं आणि प्रवासी परत आले. तिकीट परवडलं की माणूस रिक्षा सोडून बसकडे वळतो, हे तेव्हा या शहरानेच दाखवून दिलं. बेस्टच्या मालकीच्या ३,३३७ बस कायम ठेवायच्या, असं कामगार संघटनेशी ठरलं होतं. आज स्वतःच्या बस पाचशेच्याही खाली आहेत. एके काळी ताफा चार हजारांहून मोठा होता.

बाकीच्या बस भाड्याच्या आहेत. बस कंत्राटदाराची, चालक त्याचा, दुरुस्तीही त्याचीच. बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देते. नवी बस विकत घ्यायला लागणारा मोठा पैसा वाचतो, म्हणून हा मार्ग निवडला गेला. प्रवासी म्हणून मी हेही सांगेन की नव्या छोट्या एसी बसमध्ये बसताना बरं वाटलं होतं. पण डिझेल महागलं, तेव्हा दर परवडत नाही म्हणून काही कंत्राटदार मुदतीआधीच निघून गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्या बसही गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम बंद केलं आणि ऐन पावसात थांब्यांवर माणसं ताटकळली.

(दृश्य : कुर्ला, एस. जी. बर्वे मार्ग. निवेदनाआधी थोडा विराम.)

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री याच कुर्ल्यात ३३२ क्रमांकाची भाड्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. घरी निघालेली माणसं त्यात गेली. चालकाचा दोष किती, ते न्यायालय ठरवेल. पण एवढी मोठी बस हाती देण्याआधी त्याला प्रशिक्षण किती दिलं, ते कुणी तपासलं आणि त्यासाठीचा खर्च करारात कुणाच्या माथी होता, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

(दृश्य : महापालिका मुख्यालय. मग सागरी किनारा मार्ग, वरून.)

पैसा नाही, असं सांगितलं जातं. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यात बेस्टला १,००० कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम एक रुपया चौतीस पैसे. याच महापालिकेने सागरी किनारा मार्गावर तेरा हजार कोटींहून जास्त खर्च केले. साडेदहा किलोमीटरचा रस्ता, तिथे दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही. तेवढ्या रकमेत बेस्टला तेरा वर्षं हेच अनुदान देता आलं असतं. रस्त्यावर खर्च झाला, तेव्हा त्याला कुणी तोटा म्हटलं नाही. बसचा हिशेब मात्र तोट्यापासूनच सुरू होतो. दरम्यान निवृत्त चालक-वाहक ग्रॅच्युइटीसाठी खेटे घालत राहिले.

बेस्टच्या कारभारावरही माझे प्रश्न आहेत. जांभळ्या एसी बस आठवतात? महाग घेतल्या, सारख्या बंद पडायच्या. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये त्या सेवेतूनच काढल्या. त्यांची खरेदी कुणी ठरवली, त्याचा जाब कुणी दिला? मग नऊशे दुमजली एसी बस आणायचं ठरलं, रस्त्यावर पन्नासच्या आसपास दिसल्या. हे फक्त बेस्टचंच नाही. एमएमआरडीए या राज्य सरकारच्या विकास प्राधिकरणाची मोनोरेल घ्या. २०१४ मध्ये देशातली पहिली म्हणून वाजतगाजत सुरू झाली, चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक अशी पुरी व्हायला २०१९ उजाडलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली.

(दृश्य : रिकामं सभागृह.)

असे प्रश्न विचारायची जागा म्हणजे बेस्ट समिती. नगरसेवक तिथे बसायचे, अर्थसंकल्पावर भांडायचे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. तिकीट दुप्पट करायचा निर्णय याच काळातला. त्या निर्णयावर आपण निवडून दिलेल्या एकाही माणसाचं मत नोंदलेलं नाही.

(दृश्य : पुन्हा बस. खिडकीतून दिसणारं शहर.)

मला दर महिन्याला तीन आकडे हवे आहेत. कोणत्या कंत्राटदाराला किलोमीटरमागे किती पैसे दिले? ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्या रद्द झाल्या, कोणत्या मार्गावर? आणि रद्द झालेल्या फेरीचा दंड खरोखर वसूल झाला का? ही माहिती आगारात रोज लिहिली जाते. माहिती अधिकाराचा अर्ज न करता ती मला मिळाली पाहिजे, कारण ते तिकीट मी काढते.