वस्तऱ्याचे वय

[दृश्य: ठाणे, जांभळी नाक्याजवळचे एक जुने केशकर्तनालय. लाकडी कपाटाचे दार उघडते.]

या दुकानात आता दाढी होते ती अर्धे ब्लेड अडकवायच्या वस्तऱ्याने, आणि गिऱ्हाईक बदलले की ब्लेडही बदलते. मालकांच्या पणजोबांची कातडी धोपटी मात्र कपाटात जपून ठेवलेली आहे आणि तिच्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेला, हा घडीचा वस्तरा आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली त्या साली हा वस्तरा घरात आला, असे या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. ती गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. वस्तरा खरोखर तेवढा जुना आहे का, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे लागेल.

वस्तरा हाती आला की बहुतेकांची नजर आधी गंजाकडे जाते. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावात, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या कात्रीलाही तांबेरा चढतो, तिथे नुसत्या गंजावरून वय सांगणे धोक्याचे आहे. पाठीवर झिजून सपाट झालेल्या पट्टीचेही तसेच. धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, त्यामुळे ही झीज वस्तऱ्याने किती काम केले ते सांगते, किती वर्षे पाहिली ते नव्हे.

[दृश्य: पात्याच्या दांडीवरील अक्षरे, भिंगातून.]

खरी माहिती असते ती पात्याच्या मागच्या दांडीवर. कारागिराचे नाव येथे झिजून गेले आहे. पण ते वाचता आले असते तरी फार उपयोग झाला नसता, कारण हिंदुस्थानात चांगला खप असलेल्या जोसेफ रॉजर्ससारख्या, इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या पेढ्यांनी एकच नाव आणि एकच खूण शंभराहून अधिक वर्षे वापरली. काही वस्तऱ्यांवर मुकुटाशेजारी राजाची आद्याक्षरे असतात: ‘जी आर’ असेल तर साधारणपणे १८३० पूर्वीचा काळ, ‘डब्ल्यू आर’ असेल तर १८३० ते १८३७, आणि ‘व्ही आर’ असेल तर व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे १९०१ पर्यंतचा काळ. आपल्या वस्तऱ्यावर मुकुट नाही. ‘शेफील्ड’ हा शब्द आहे आणि त्याच्याखाली, अगदी बारीक अक्षरांत, ‘इंग्लंड’.

हा एक शब्द फार मोलाचा आहे. अमेरिकेने १८९० साली केलेल्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे, तिकडे जाणाऱ्या परदेशी मालावर १८९१ पासून देशाचे नाव उमटवणे सक्तीचे झाले, आणि एकदा ठसा बनला की तोच दुसऱ्या बाजारपेठांच्या मालावरही पडू लागला. मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. देशाचे नाव नाही म्हणून वस्तरा १८९१ पूर्वीचा, असे म्हणता येत नाही. जर्मनीतल्या सोलिंगन शहरच्या पात्यांवर ‘पश्चिम जर्मनी’ दिसले, तर मात्र तो १९४९ नंतरचा.

आकारही हेच सांगतो. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना मागे शेपटी जवळजवळ नसेच. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस लांबत गेली. जुनी पाती पाठीपासून धारेपर्यंत पाचरीसारखी सरळ उतरत आणि हाताला जड लागत. हे पाते दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले आहे, धारेजवळ इतके पातळ की नखाने हलकी टिचकी मारली तर ते वाजते. असे खोल घासकाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले.

[दृश्य: मूठ, उजेडासमोर धरलेली.]

मूठ शिंगाची वाटते. पण शिंगात उजेडासमोर तंतू दिसतात, ते येथे नाहीत, आणि अंगठ्याने जोरात चोळली की कापराचा वास येतो. म्हणजे हे सेल्युलॉइड, १८७० च्या आसपास अमेरिकेत बाजारात आलेले. मुठी बदलल्या जातात, म्हणून एवढ्यावर विसंबता येत नाही. येथे मात्र सुरुवातीला बाजूला ठेवलेला गंज कामी येतो. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की आम्लयुक्त वाफ सोडते, आणि या पात्यावरचा सर्वांत काळा गंज घडी घातल्यावर मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावरच आहे. पाते आणि मूठ फार वर्षे एकत्र नांदली आहेत, हे त्यावरून कळते.

पुराव्यांचा मेळ १८९० च्या दशकापासून पुढच्या दोन-तीन दशकांत बसतो. देशाच्या नावाआधी ‘मेड इन’ लिहिणे पुढे रूढ झाले; ते शब्द येथे नाहीत, म्हणून मी अलीकडच्या टोकापेक्षा जुन्या टोकाकडे झुकते माप देईन.

हे ऐकल्यावर मालक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आजोबा खोटं सांगायचे नाहीत हो.” खोटे नसेलही. रोज चालणारा वस्तरा झिजून संपतो. आगगाडीच्या सालचा वस्तरा याच्या आधी या धोपटीत असेल, आणि त्याची गोष्ट याच्याकडे आली असेल, असे मला मनापासून वाटते. पणजोबांच्या हातात जो होता, तो हाच.

त्यांनी पाते पुसले, तेलाचा हात फिरवला, आणि वस्तरा घडी न घालता, उघडाच कपाटात ठेवला.