तळाला तांबं: ‘कॉपर-बॉटम्ड’ची गोष्ट

जुन्या जहाजाच्या तळाची ही फळी बघा. वरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. फळी चिरली, की आत बोटभर जाडीचं भुयार, आणि त्याला आतून चुन्याचा पांढरा लेप. टेरेडो नावाच्या प्राण्याचं हे काम. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. उष्ण समुद्रात तो भक्कम जहाजंही पोखरून टाकी.

इंग्रजीत पक्क्या हमीला, बुडणार नाही अशा गुंतवणुकीला ‘कॉपर-बॉटम्ड’ म्हणतात. आपण बावनकशी म्हणतो ना, तसंच. शब्दशः अर्थ, तळाला तांबं असलेलं. आणि हे तांबं खरोखरचं होतं.

१७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजहून ती परतली तेव्हा फळ्यांना किडा शिवलासुद्धा नव्हता. पण लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना भिडले की लोखंड झिजतं. गंमत म्हणजे, पत्र्यांना गुंडाळलेला खाकी कागद जिथे चुकून राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते! मला या सगळ्या कहाणीत तो कागदच सगळ्यात मोलाचा वाटतो. दोष नेमका कुठे आहे, ते त्याने दाखवून दिलं.

१७७९पासून नौदलाने ताफ्यातल्या जहाजांना झपाट्याने तांबं चढवलं. तळाला शेवाळ-शिंपले धरेनात, म्हणून जहाजं वेगानेही पळू लागली. मग लोखंडी बोल्ट जाऊन तांब्याच्या मिश्रधातूचे आले, आणि तळ खरा भरवशाचा झाला. बंदरातला हा शब्द पुढे पेढ्यांवर आणि व्यापाऱ्यांच्या तोंडी रुळला.

या तांब्याची एक वाट मुंबईलाही येत होती. इथल्या गोदीत वाडिया मंडळी सागवानी युद्धनौका बांधत. त्यातल्या ‘कॉर्नवॉलिस’साठी तांब्याचे पत्रे घेऊन ‘जावा’ नावाचं जहाज निघालं होतं. डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेने त्याला गाठलं, हरवलं आणि पेटवून दिलं. मुंबईचं तांबं तिथेच बुडालं.

‘कॉर्नवॉलिस’ मात्र १८१३ साली मुंबईत पाण्यात उतरली. २९ वर्षांनी, १८४२ साली, चीनमध्ये नानकिंगच्या तहावर, म्हणजे ब्रिटन आणि चीनमधलं युद्ध संपवणाऱ्या करारावर, सह्या झाल्या, त्या याच जहाजावर.