पाण्याचा काटा मध्यावर, ऑइल १३० वर

[दृश्य: वाईकडून पसरणी घाटाची चढण. पुढे एसटी, मागे लहान टर्बो पेट्रोल गाडी.]

गाडी एसटीच्या मागे अडकलीय. दुसरा गिअर, एसी चालू, आत पाच माणसं आणि डिकी भरलेली. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १,३०० च्या जवळ. एवढी उंची दहा-बारा किलोमीटरमध्ये चढायची, तीही अशा वेगात की समोरून वारा जवळपास लागतच नाही. टर्बो मात्र पूर्ण कामाला लागलेला. डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा बरोबर मध्यावर आहे, म्हणून ड्रायव्हर निवांत.

तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा आहे. आणि बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच तो बधिर केलेला असतो. कूलंट ८५ अंशांवर असो की १०० वर, काटा तिथेच. इंजिन ऑइलबद्दल तर तो काहीच सांगत नाही; त्यासाठी वेगळा गेज लावावा लागतो. घाटात कूलंट ९५ वर स्थिर असताना ऑइल १२५-१३० पर्यंत चढू शकतं.

[दृश्य: उघडलेला टर्बो. मधल्या हाउसिंगचा आणि शाफ्टचा क्लोज-अप.]

टर्बोच्या एका बाजूच्या चाकावर इंजिनमधून निघालेला जळता वायू आदळतो. पेट्रोल गाडीत त्याचं तापमान जोरावर असताना ९०० अंशांच्या पुढे जातं. दुसऱ्या बाजूला हवा दाबून इंजिनमध्ये ढकलणारं चाक. दोघांना जोडणारा हा शाफ्ट बोटापेक्षा बारीक, आणि तो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. बहुतेक टर्बोंत इथे बॉलबेअरिंग नसतं. शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल फार तापलं की तो थर विरळ होतो, आणि धातू धातूला लागला की टर्बो उडाला म्हणून समजा.

ऑइलचं तापमान ९० ते ११० असेल तर काळजी नको. १२० ला लक्ष ठेवा, १३० ला पाय हलका करा, १४० दिसलं तर चढ संपायची वाट न बघता जोर काढून घ्या. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांच्या वाढीला ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

थंड ऑइलही तितकंच वाईट. साताऱ्यात हे नेहमी घडतं: गावातून निघालं की समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट लगेच सुरू. तोवर कूलंट गरम झालेलं असतं, ऑइल जेमतेम ५०-६० वर. ऑइल ८० पार करेपर्यंत टर्बोवर पूर्ण भार टाकू नये.

[दृश्य: गॅरेज. टेबलावर तीन ५२ मिलिमीटरचे गेज, सेन्सर, सँडविच प्लेट.]

पहिला गेज कुठला बसवायचा? गिऱ्हाईक हमखास बूस्ट गेज (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब दाखवणारा) मागतं, कारण त्याचा काटा नाचतो. आमच्या मते तो शेवटचा. आधी ऑइल प्रेशर, मग ऑइल टेम्परेचर. कंपनीचा ऑइलचा लाल दिवा लागतो तो प्रेशर ०.३ ते ०.५ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) पडल्यावर. तेव्हा गाडी बंद करण्याशिवाय हातात काही उरत नाही.

ओबीडी डोंगलवर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारं यंत्र) ऑइल टेम्परेचर दिसत असेल तर आधी खात्री करा. अनेक लहान गाड्यांत तो सेन्सरच नसतो, आणि काही गाड्यांत दिसणारा आकडा ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, हिशेबाने काढलेला असतो.

[दृश्य: ऑइल फिल्टर खोलताना. हाताच्या बोटाने ब्लॉकचा बसका भाग पुसला जातोय.]

ऑइल फिल्टर डबा पद्धतीचा, म्हणजे फिरवून बसणारा असेल, तर काम सोपं. फिल्टर आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये सँडविच प्लेट बसते आणि तिच्यावर दोन्ही सेन्सर लागतात. प्लेट घेण्याआधी फिल्टरचे आटे तपासा: एम २० बाय १.५ (२० मिलिमीटर व्यास, १.५ मिलिमीटर अंतराचे आटे) किंवा पाऊण इंच, इंचाला १६ आट्यांचा, हे दोन नेहमी भेटतात. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिलीय का, हे बोट फिरवून बघा. रिंगवर रिंग बसली तर गाडी सुरू होताच सगळं ऑइल जमिनीवर. प्लेटमुळे फिल्टर दोन-तीन सेंटीमीटर खाली येतो, तेव्हा गाडीखाली वाकून जागा किती उरली तेही पाहा.

फिल्टर कागदी कार्ट्रिजचा असेल तर प्लेट बसत नाही. मग कंपनीच्या ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावायचा, आणि टेम्परेचरसाठी चेंबरच्या (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) ड्रेन नटच्या जागी सेन्सर. घोटाळा होतो तो इथे. बाजारातले गेजचे सेन्सर बहुतेक एक अष्टमांश एनपीटी (अमेरिकन पाइप) आट्यांचे: इंचाला २७ आटे. जपानी-कोरियन गाड्यांच्या ब्लॉकला बरेचदा बीएसपीटी (ब्रिटिश पाइप आटे), इंचाला २८. युरोपियन गाड्यांत एम १० बाय १. हाताने दोन-तीन फेरे सगळेच जातात. पुढे पान्याने ओढलं की ब्लॉकचे आटे गेले. ॲल्युमिनियमचा ब्लॉक असेल तर फार महागात पडतं. योग्य अडॅप्टर मिळाला नाही तर एमआयडीसीत लेथवर वळवून घ्या, पण ब्लॉकवर जबरदस्ती नको.

टीवर जड प्रेशर सेन्सर थेट लटकवू नये. इंजिनच्या कंपनाने पितळी टी आट्यांपाशी तडकतो. टीपासून छोटा ब्रेडेड होज काढा आणि सेन्सर बॉडीवर क्लॅम्पने बांधा.

[दृश्य: सेन्सरच्या आट्यांवर गुंडाळलेला पांढरा टेप. मल्टिमीटरचा पडदा.]

एक वायरवाला सेन्सर ब्लॉकमधून अर्थ (बॅटरीच्या मायनसची जोडणी) घेतो. आट्यांवर टेफलॉन टेप भरपूर गुंडाळला की अर्थ कच्चा होतो. आणि कच्चा अर्थ कसा फसवतो बघा. टेम्परेचर सेन्सरचा रेझिस्टन्स उष्णतेबरोबर कमी होतो. अर्थमध्ये ओहम वाढले की गेज कमी तापमान दाखवतो. प्रेशर सेन्सर १० ते १८० ओहम प्रकारचा असेल तर त्याचा रेझिस्टन्स प्रेशरबरोबर वाढतो. तिथे त्याच कच्च्या अर्थमुळे प्रेशर जास्त दिसतं. म्हणजे ऑइल थंड, प्रेशर झकास, आणि दोन्ही खोटं. टेपऐवजी आट्यांचं पातळ सीलंट लावा, मल्टिमीटरने सेन्सरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ओहम मोजा; शून्याच्या जवळ हवेत. होजवर लटकलेल्या सेन्सरला अर्थची वेगळी वायर द्यावीच लागते. गेज एका बनावटीचा आणि सेन्सर दुसऱ्या, हा उद्योग करू नका.

गेजची लाल वायर इग्निशनला जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून, ३ किंवा ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकून. दिव्याची वायर पार्किंग लाइटला. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. टर्बो आणि एक्झॉस्टपासून एक वीत तरी लांब. यांत्रिक प्रेशर गेज, ज्यात ऑइलची नळी केबिनमध्ये येते, तो नकोच. नळी सुटली तर गरम ऑइल पायावर.

[दृश्य: विंडशील्डच्या बाजूचा खांब, त्यावर एअरबॅगची खूण.]

या खांबावर गेजचं पॉड फार छान दिसतं. पण इथे एअरबॅगची खूण असेल तर आत कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) आहे. वर काही चिकटवू नका, ड्रिल तर अजिबात मारू नका. एसी व्हेंटजवळ किंवा स्टिअरिंगच्या मागे जागा शोधा.

बूस्ट गेजचं थोडक्यात: पेट्रोल गाडीत थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणारी झडप) पुढे, इंजिनला हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या नळीवर टी आणि सिलिकॉनची बारीक नळी. तो आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. पाचगणीत हवा विरळ, त्यामुळे ईसीयू इंजिनला तेवढीच हवा पुरवू पाहत असेल तर काटा वाईपेक्षा साधारण १ पीएसआय (हेही दाबाचंच माप) वर दिसतो. बिघाड समजू नका. पण टर्बो तेवढा जास्त फिरतोय, हे मात्र खरं.

[दृश्य: रेडिएटरच्या पुढे अडकलेलं पाचट, धूळ, किडे.]

आकडे दिसायला लागले की लोक लगेच ऑइल कूलर (ऑइल गार करणारा छोटा रेडिएटर) मागतात. थांबा. कराड-कोरेगावच्या बाजूला हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरणाऱ्या गाडीचा एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट एकदा बघा. पाचट आणि माती बसून तिथे गोधडी झालेली असते. आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या पाण्याने फिन वाकतात. बऱ्याच टर्बो गाड्यांत ऑइलला कूलंटने गार करणारा एक्स्चेंजर कंपनीचाच असतो, आणि रेडिएटर साफ झाला की ऑइलही उतरतं.

एवढं करूनही घाटात १३० दिसत असेल, तर कूलर लावा. थर्मोस्टॅटवाली प्लेट घ्या, साधारण ८० अंशांना उघडून मगच ऑइल कूलरकडे सोडणारी. थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरात महाबळेश्वरला सकाळी ऑइल गरमच होत नाही, त्यात उतरलेला पाण्याचा अंश उडत नाही आणि झाकणाखाली पिवळट साय धरते. रोजच्या गाडीला १३ रांगांचा कूलर पुरे. तोंडं वर किंवा बाजूला ठेवा, म्हणजे आत हवा अडकत नाही. रबरी बुशवर बसवा, आणि मागून गरम हवा निघायला वाट ठेवा. होज चाकाला किंवा पत्र्याला घासता कामा नये.

पहिल्यांदा सुरू करताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, गेजवर प्रेशर येईपर्यंत. मग सुरू करा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. कूलर आणि होज मिळून अर्धा ते पाऊण लिटर ऑइल जास्त घेतात.

[दृश्य: पाचगणी. गाडी थांबते, इंजिन चालूच.]

घाट चढून आल्या आल्या चावी फिरवू नका. शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायाने या, नाहीतर मिनिटभर आयडलिंग. ऑइलचा प्रवाह थांबला की टर्बोत उरलेलं ऑइल जागीच जळून कोळसा धरतं, आणि तो कोळसा पुढे ऑइलची वाट अडवतो.

ग्रेड बदलताना कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तरच ५डब्ल्यू-३० वरून जास्त दाट ५डब्ल्यू-४० वर जा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला कमी राखेचंच ऑइल हवं. प्रेशरचे आकडेही पुस्तकातूनच पडताळा: गरम इंजिनला आयडलिंगवर १ बार आणि ३,००० आरपीएमला ३ बार हा जुना हिशेब. नव्या इंजिनांत पंपच मागणीप्रमाणे कमी-जास्त होतो, तिथे २ बारही ठीक असतं.

आणि बीएस-६ डिझेल गावातल्या गावात फिरत असेल, डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं, तर अर्धवट रिजनरेशनमुळे (डीपीएफमधली काजळी जाळून टाकण्याची क्रिया) त्यात डिझेल उतरलंय. गेजवर ते कमी प्रेशर म्हणून दिसेल. घाटाला निघण्याआधी ते ऑइल आणि फिल्टर बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत.