राखणदार कोण नेमतं?

मंडळी, पत्रिकेवर 'संस्थापकांची मूल्ये आणि व्यवस्थापनशैली' असा भारदस्त विषय छापलाय. तो संयोजकांचा. मला बोलायचंय किर्लोस्करवाडीच्या राखणदारांबद्दल. तिकडे जाता जाता विषयही उरकू.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. बढतीची वेळ आली आणि त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. (हा माणूस मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला गेलेला. रंग नीट ओळखू येईनात, म्हणून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळला. आज आपण त्याला रंगांचा क्लास लावला असता!) लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ 32 एकर माळ दिला. तिथे कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. वर्ष 1910. माळावर निवडुंग आणि नाग.

आता राखणदार. एवढ्या उजाड माळावर कारखाना, तर राखणीला कोण? लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसं ठेवली. पोलीस पाटलाचा दाखला आणलाय का, हे विचारलं नाही. आणि आपण? मागे एका कंपनीत भाषणाला गेलो होतो. दारातच सोनेरी अक्षरांत 'विश्वास', आणि त्याखाली माझी पिशवी दोनदा तपासली. डबासुद्धा उघडला. भेंडीची भाजी होती, लपवण्यासारखी नव्हती.

राखणदारच कशाला, शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथेच नावाजलेले यंत्रकार झाले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. जन्म पाहून ज्याची बढती गेली, त्याने माणसाच्या हातातलं कसब पाहायचं ठरवलं. माझं म्हणणं एवढंच आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर.

असा विश्वास मालक रोज कारखान्यात फिरतो तोवर चालतो. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव 1926 साली अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून आले. 1946 मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला, 1962 मध्ये कमिन्स या अमेरिकन इंजिन कंपनीबरोबर भागीदारी झाली. हजारो माणसांत चेहरे कसे ओळखणार? मग तपासणी, मोजमाप, उद्दिष्टं आली. मी त्याला ऱ्हास म्हणणार नाही. इंजिन भरवशावर नाही, मापावर चालतं. नांगरानंतर पंप आणि इंजिनं, म्हणजे शेतकरी गिऱ्हाईक मात्र टिकलं. माल काय बनवायचा ही संस्थापकाची आवड सहज पुढे जाते. माणूस कसा निवडायचा, ही नजर नव्या मालकाने कमवावी लागते. ती शेअरसर्टिफिकेटाबरोबर मिळत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मला भाट म्हणाल. घर मालकाचं, गाव मालकाचं, तर कामगाराने तक्रार कुणाकडे करायची? लक्ष्मणराव भले होते म्हणून हा प्रश्न मिटत नाही. युनियनवाले मित्र मागच्या रांगेत दिसताहेत. त्यांनीच यावर बोलावं. माइक तिकडे द्या.