आवाजावरून मोटर ओळखा

(पडदा काळा. फक्त आवाज.)

हेडफोन असेल तर लावा. हा जुना, वायरवर चालणारा व्हॅक्युम क्लीनर. बटण दाबलं की आधी खर्जातला 'घूंऽऽ', मग सूर चढत जातो आणि वर जाऊन टिकतो. त्या सुराखाली बारीक खरखर ऐकू येतेय? ती कार्बन ब्रशची. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर असतो; तो आतल्या विजेची दिशा सतत उलटवतो. स्प्रिंगने दाबून धरलेले कार्बनचे दोन ठोकळे, म्हणजेच ब्रश, त्यावर सतत घासतात आणि मिनिटाला वीस-तीस हजार फेरे होतात. अंधारात आतल्या निळ्या ठिणग्याही दिसतात.

(पाइपच्या तोंडावर तळहात.)

तोंड बंद केलं, सूर लगेच चढला. "मोटरवर लोड येतोय, बंद कर!" असं घरोघरी ओरडतात. खरं तर लोड कमी झालेला असतो. पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, म्हणून मोटर सुसाट सुटते. तरी बंद करायला सांगणारा चुकत नाही, कारण मोटर थंड राहते ती याच हवेवर. पिशवी गच्च भरली की असाच किंचाळल्यासारखा सूर लागतो. व्होल्टेज पडलं की तो बसतो.

(दुसरा आवाज.)

हा बॅटरीवरचा. पातळ 'सूंऽऽ', शिट्टीच्या जातीचा. खरखर नाही, कारण ब्रशच नाहीत. इथे चुंबक फिरतो आणि कॉम्युटेटरचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. डायसनच्या २०१८ च्या व्ही१० मॉडेलची मोटर मिनिटाला १,२५,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला दोन हजारांच्या वर.

सुराचा हिशेब सोपा आहे: सेकंदाचे फेरे गुणिले पंख्याची पाती. त्याच कंपनीने हेअर ड्रायरच्या पंख्याला नेहमीच्या ११ ऐवजी १३ पाती दिली, ती एक सूर माणसाच्या कानापलीकडे ढकलण्यासाठी. आवाज तिथे असतोच, आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. घरातल्या कुत्र्याचं मत वेगळं असू शकेल.

मोठा आवाज म्हणजे जास्त ओढ, हा समज दुकानांनीही पोसला. खोक्यावर वॅटचा आकडा ठळक छापायचा. युरोपियन युनियनने २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. दुसऱ्या टप्प्यात आवाजालाही ८० डेसिबलचा लगाम बसला.

माझं मत जुन्याच्या बाजूने झुकतं. ब्रश झिजले, बेअरिंग सुकलं, तर मेकॅनिकला ते खोलण्याआधी कळतं. नव्यातल्या बऱ्याच मॉडेलांत हवा अडली की सर्किट मोटरला चालू-बंद, चालू-बंद करत राहतं. ऐका.

(धडधड.)

ही मोटर बिघडल्याची खूण नाही. आधी फिल्टर धुवा, पूर्ण वाळू द्या. सर्व्हिस सेंटरला फोन त्यानंतर.